योहान्नेस आग्रिकोला : 'नियमशास्त्रविरोधी' या शिक्क्यामागचा इतिहास

सोळाव्या शतकातील जर्मनीत आइसलेबेनच्या लॅटिन शाळेचे प्रमुख आणि त्याच गावातील सेंट निकोलाई चर्चचे उपदेशक योहान्नेस आग्रिकोला यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा 'अँटिनोमियन', म्हणजे नियमशास्त्रविरोधी (नियमशास्त्र म्हणजे बायबलमधील ईश्वराच्या आज्ञा), या एकाच शब्दासोबत. हा शब्द त्यांनी स्वतःसाठी निवडलेला नव्हता. एके काळी ज्यांच्या घरात ते कुटुंबासह राहिले, त्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनीच तो त्यांच्या मतासाठी रूढ केला.

दोघांचेही जन्मगाव आइसलेबेनच. आग्रिकोला विटेनबर्गला शिकले, 1519 च्या लाइप्त्सिश येथील वादसभेत ल्यूथर यांचे लेखनिक होते आणि 10 डिसेंबर 1520 रोजी विटेनबर्गच्या वेशीबाहेर पोपचे आज्ञापत्र जाळण्यात आले तेव्हा चिता रचण्यात त्यांचा हात होता. 1525 मध्ये ते आइसलेबेनला परतले आणि पुढची सुमारे अकरा वर्षे आठवडाभर मुलांना शिकवणे आणि रविवारी उपदेश करणे हा त्यांचा क्रम राहिला. याच काळात त्यांनी जर्मन म्हणी जमवल्या. 1529 मध्ये तीनशे म्हणींचा संग्रह निघाला आणि तो वाढत 1534 पर्यंत साडेसातशेवर गेला. प्रत्येक म्हणीला क्रमांक देऊन तिच्याखाली ती कोणत्या प्रसंगी वापरतात आणि तिच्यात कोणता अनुभव साठला आहे हे ते बोलीभाषेत समजावतात. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या माणसाने घरच्या भाषेसाठी घेतलेले हे कष्ट त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकले जातात, हे मला अन्यायाचे वाटते.

वादाचे मूळ 1527 मधले आहे. सॅक्सनीतील चर्चच्या तपासणीसाठी ल्यूथर यांचे सहकारी फिलिप मेलान्ख्थोन यांनी तयार केलेल्या कलमांत उपदेशकांनी आधी नियमशास्त्र सांगावे, लोकांना शिक्षेचे भय दाखवावे आणि त्यातून पश्चात्ताप उपजल्यावर मग श्रद्धेकडे वळावे, असा क्रम होता. आग्रिकोला यांनी हरकत घेतली ती या क्रमालाच. शिक्षेच्या भीतीने येतो तो खरा पश्चात्ताप नव्हे, तो ईश्वराच्या प्रेमातून येतो आणि म्हणून त्याची सुरुवात शुभवर्तमानापासूनच, म्हणजे ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या क्षमेच्या संदेशापासूनच, झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत 'पश्चात्ताप' म्हटले की नंतरचा ताप आणि 'प्रायश्चित्त' म्हटले की करायची कृती, असे दोन अर्थ वेगळे राहतात; जर्मनमधल्या 'बुसं' या एकाच शब्दात दोन्ही सामावलेले आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू एकच शब्द वापरून निराळ्या गोष्टींविषयी भांडत होत्या. नोव्हेंबर 1527 मध्ये टोरगाव येथे ल्यूथर यांनी मध्यस्थी केली : धमकी देणारा ईश्वर आहे असे मानणे हीसुद्धा एका सामान्य अर्थाने श्रद्धाच, म्हणून श्रद्धा आधी हे खरे, पण सर्वसामान्य लोकांना गोंधळ नको म्हणून तिला नियमशास्त्र आणि भय म्हणण्यास हरकत नाही. ही तडजोड दोघांनाही पटण्यासारखी होती आणि नेमकी म्हणूनच प्रश्न सुटला नाही.

1536 च्या अखेरीस मान्सफेल्डच्या सरदाराला नाराज करून आग्रिकोला विटेनबर्गला आले. पुढच्याच वर्षी याच वादावरची काही निनावी प्रमेये हातोहात फिरू लागली आणि ल्यूथर यांनी ती छापून त्यांवर जाहीर वादसभा लावल्या. दहा आज्ञांची जागा नगरसभागृहात आहे, उपदेशपीठावर नाही, हे त्या वेळी गाजलेले वाक्य आग्रिकोला यांच्या खाती मांडले जाते. परंतु निनावी फिरणाऱ्या मजकुरातील प्रत्येक शब्द त्यांचा होता असे धरून चालणे योग्य नाही. नैतिक नियमच नकोत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पापाची जाणीव कशाने होते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. 'नियमशास्त्रविरोधी' या शब्दाने हा भेद पुसून टाकला. समेटाच्या प्रयत्नात आग्रिकोला यांनी आपल्या माघारीचा मसुदा ल्यूथर यांनीच लिहावा अशी विनंती केली, आणि 1539 च्या आरंभी तो छापून आला तो 'अँटिनोमियनांविरुद्ध' या मथळ्याने, आइसलेबेनमधील एका उपदेशकाला लिहिलेल्या खुल्या पत्राच्या रूपात. आपल्याच गावातील जुन्या सहकाऱ्याच्या नावे आपला कबुलीजबाब वाचण्याची वेळ त्यांच्यावर आली. 1540 मध्ये त्यांनी ल्यूथर यांच्याविरुद्ध रीतसर तक्रार केली. चौकशी संपेपर्यंत शहर न सोडण्याचे वचन दिलेले असताना ऑगस्टमध्ये ते बर्लिनला निघून गेले, आणि वचनभंगाचा हा दोष मात्र त्यांचाच आहे.

ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या राजाने) त्यांना दरबारी उपदेशक नेमले. तेथूनच 1548 मध्ये सम्राटाच्या वतीने ऑग्सबर्गच्या 'इंटेरिम'चा, म्हणजे धर्मपरिषदेचा निर्णय होईपर्यंतच्या अंतरिम व्यवस्थेचा, मसुदा करणाऱ्यांत ते बसले. मसुदा करणाऱ्या प्रमुखांत प्रोटेस्टंट बाजूचे ते एकटेच होते. धर्मगुरूंचा विवाह आणि प्रभुभोजनात सामान्यांनाही द्राक्षारसाचा प्याला एवढे वगळता बहुतेक जुन्या रीती परत आणणारा हा दस्तऐवज दक्षिणेत सैन्याच्या धाकाने लादला गेला, अनेक उपदेशकांना घरे सोडावी लागली, आणि मागडेबुर्ग शहराने तो नाकारून 1550-51 मधला वेढा सोसला. आग्रिकोला यांच्यावर पैसे घेतल्याचेही आरोप झाले. सम्राटाविरुद्धच्या युद्धात हरलेल्या प्रोटेस्टंट पक्षाला जे काही वाचवता येईल ते वाचवावे, अशी त्यांची समजूत असावी असे मला वाटते. पण ज्यांना घर सोडावे लागले त्यांना ती पटण्याचे कारण नव्हते.

22 सप्टेंबर 1566 रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1577 च्या 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' या ल्यूथरपंथी मतपत्रिकेत नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांच्यावर एक स्वतंत्र कलम आणि नियमशास्त्राच्या तिसऱ्या उपयोगावर, म्हणजे श्रद्धावंतांच्या जगण्याला मार्ग दाखवण्याच्या उपयोगावर, दुसरे कलम घालावे लागले. 1636 ते 1638 या काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये अगदी निराळ्या लोकांवर खटले चालले, तेव्हा त्यांनाही हाच 'अँटिनोमियन' शब्द लावण्यात आला.