संचातील दोन सुट्या हाडांविषयी

आमच्याकडून डॉल्फिनच्या सांगाड्याची प्रतिकृती घेणारे बरेच ग्राहक खोका उघडताच विचारतात, की कण्याला कुठेच न जुळणाऱ्या या दोन काड्या चुकून आल्या आहेत का? त्या डॉल्फिनच्या कमरेच्या हाडाच्या आहेत. जिवंत प्राण्यातही हे हाड कण्यापासून सुटे, स्नायूंत रुतलेले असते, म्हणून त्या कण्याखाली तारेने मोकळ्या टांगाव्यात. त्यांना निरुपयोगी अवशेष म्हणण्याची पद्धत आहे, पण ते पुरते खरे नाही, कारण प्रजननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात.

ही हाडे मागच्या पायांची आठवण आहेत, कारण देवमासे आणि त्यांच्याच कुळातले डॉल्फिन जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून आले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या पाकिस्तानच्या भूभागात, या कुळातला पाकिसेटस हा लांडग्याएवढा प्राणी चार पायांवर वावरत होता. दिसायला तो देवमाशासारखा मुळीच नव्हता, परंतु त्याच्या कानाच्या हाडाची आतली बाजू देवमाशांप्रमाणेच जाड होती. पुढे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास बॅसिलोसॉरस आला. पंधरा मीटरहून लांब आणि पूर्णपणे पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याचे मागचे पाय गुडघ्या-घोट्यासह शिल्लक होते, मात्र ते शरीराचा भार पेलण्याजोगे नव्हते. (त्याच्या नावाचा अर्थ ‘सरड्यांचा राजा’ असा आहे; हाडे प्रथम सापडली तेव्हा तो सरपटणारा प्राणी समजला गेला, आणि ही चूक नावात कायमची राहिली.) २००१ मध्ये प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड अभ्यासले गेले, तेव्हा ते गाय-हरणांसारख्या समखुरी प्राण्यांच्या हाडाप्रमाणे दोन्ही टोकांना कप्पीच्या आकाराचे निघाले. आज हयात असलेल्यांत पाणघोडा हा देवमाशांचा सर्वांत जवळचा नातलग मानला जातो.

पुढचा पर सोडवून पाहिल्यास त्यात दंडाचे एक आखूड हाड, पुढच्या हाताची दोन हाडे, मनगट आणि बोटे आढळतील. मधल्या बोटांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पेरे आहेत, ती मोजून जुळवावीत. शेपटीच्या पसरट भागात हाडे नसतात, त्यामुळे सांगाडा निमुळत्या मणक्यांवर संपतो आणि पसरट भाग आम्ही पाटीवर रेखून देतो.

कानाची हाडे वेगळ्या पुडीत आहेत. खालच्या जबड्यातील चरबीतून आवाज या हाडांपर्यंत पोहोचतो, आणि ती कवटीपासून अलग असल्यामुळेच डॉल्फिनला पाण्याखाली आवाजाची दिशा कळते. म्हणून ती कवटीला गोंदाने चिकटवू नयेत.