ऑपरेशन पोटाचं, ठणका खांद्याला

मामींचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच त्यांचा फोन. "बापू, पोटाचं काही नाही रे, टाके जरा ओढतेत तेवढंच. पण उजवा खांदा लई ठणकायलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बेशुद्ध असताना हात पिरगाळला का काय यांनी?"

लातूरच्या त्या दवाखान्यात मी पोचलो तोवर खोलीतल्या मंडळींचं निदान करून झालं होतं. मामांच्या मते एसीचा गारठा बाधला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या, उसण भरली, कुणाकडून तरी चोळून घ्या. तेवढ्यात इंजेक्शन द्यायला आलेली सिस्टर जाता जाता बोलून गेली, "गॅसचं आहे, होईल कमी." सिस्टरचं बरोबर होतं, पण त्या एका शब्दानं घोटाळा झाला. आपल्याकडं गॅस म्हणजे हरभऱ्याची डाळ खाल्ल्यावर होतो तो. आत्यांनी लगेच पिशवीतून ओव्याची डबी काढली.

हा गॅस तो नव्हे. आतड्यातला वारा नव्हे, तर ऑपरेशनसाठी मुद्दाम बाहेरून भरलेला कार्बन डायऑक्साइड. दुर्बिणीचं ऑपरेशन करताना बेंबीजवळ छोटं छिद्र पाडतात आणि पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाईल इतका वायू आत सोडतात, साधारण 3-4 लिटर. एरवी पोटात सगळे अवयव एकमेकांना चिकटून बसलेले असतात. वायू भरल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसणार नाही की हत्यार फिरवायला जागा मिळणार नाही. दाब 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याएवढा ठेवतात. काम झालं की वायू सोडून देतात, पण सगळा निघत नाही. थोडा आत राहतोच, आणि तो राहतो आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत. ओवा, सोडा, मेडिकलमधली गॅसची गोळी यांतलं काहीही आतड्याच्या नळीबाहेर त्या वायूपर्यंत पोचत नाही.

कार्बन डायऑक्साइडच का, साधी हवा का नाही? सुरुवात हवेनंच झाली होती. जर्मनीच्या गेऑर्ग केलिंगनं 1901 मध्ये कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून दुर्बीण घातली होती. 1924 मध्ये स्वित्झर्लंडच्या रिचर्ड झोलिकोफरनं कार्बन डायऑक्साइडचा आग्रह धरला. हा वायू जळत नाही, त्यामुळे आत विजेच्या हत्यारानं रक्तवाहिन्या डागता येतात. आणि तो रक्तात झटकन विरघळतो, फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. चुकून शिरेत शिरला तरी हवेच्या बुडबुड्याइतका घात करत नाही. 2014 साली ओडिशातल्या एका नसबंदी शिबिरात सायकलच्या पंपानं बायकांच्या पोटात हवा भरल्याची बातमी आली, तेव्हा देशभर गहजब झाला तो उगाच नाही. दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते 1985 मध्ये जर्मनीत, एरिक म्यूहे यांनी. आपल्याकडं 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ते केलं. आता तालुक्याच्या गावीही होतं.

बरं, वायू पोटात राहिला हे मान्य. मग पोट सोडून खांदा का दुखावा?

यासाठी श्वासपटलाकडं जावं लागतं. छाती आणि पोट यांच्या मधला हा स्नायूचा पडदा, घुमटासारखा. श्वास घेतला की खाली सरकतो, सोडला की वर जातो. आज तो बरगड्यांच्या तळाशी असला तरी त्याचं मूळ गाव तिथलं नाही. आईच्या पोटातला गर्भ जेमतेम 4 आठवड्यांचा असतो तेव्हा या पडद्याचा पाया मानेच्या पातळीला असतो. पुढं आठव्या आठवड्यापर्यंत तो सरकत सरकत खाली येतो आणि येताना आपली नस सोबत ओढत आणतो. म्हणून श्वासपटलाची फ्रेनिक नस आजही मानेतून निघते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूतून, आणि हृदयाच्या कडेनं छाती ओलांडून एवढ्या खाली येते.

बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातो. सहा-सहा महिने तिकडं राहतो, पण रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं. फडात काही बरंवाईट झालं की फोन वाजतो तो गावातल्या घरात. श्वासपटलाचं अगदी तसंच आहे. मुक्काम पोटाच्या वर, कागदोपत्री पत्ता मानेचा. आणि मानेतल्या त्याच तिसऱ्या-चौथ्या मज्जातंतूंवर खांद्याच्या माथ्यावरच्या कातडीचीही नोंद आहे. पडद्याखालून तक्रार आली की मेंदू पत्ता बघतो. कातडीकडून तक्रारी रोजच्याच, श्वासपटलाकडून आयुष्यात एखाद-दुसरी. मेंदू सवयीनं निकाल देतो: खांदा दुखतोय.

तक्रार कशाची, यावर डॉक्टरांमध्ये अजून पुरतं एकमत नाही. एक तर वायूच्या दाबानं पडदा ताणला जातो. दुसरं, उरलेला वायू पोटाच्या ओलसर अस्तरात विरघळून सौम्य आम्ल होतं, कार्बोनिक आम्ल. बसस्टँडवर गोळीसोडा घाईनं प्यायलो की नाकात ज्या झिणझिण्या येतात, त्या याच आम्लाच्या. तीच चुणचुण यकृत आणि श्वासपटल यांच्या मधल्या फटीत दिवसरात्र चालू आहे असं समजा. वायू हलका, वर जाऊ पाहणारा. माणूस उठून बसला की पोटातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पडद्याची खालची बाजू, आणि तो तिथंच जाऊन बसतो.

मामींना हे सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "मामी, उजवा हात वर करा बरं, दोरीवर लुगडं वाळत घालता तसा." त्यांनी भीतभीत केला. हात सरळ वर गेला, पार कानाला लागला, आणि दुखणं होतं तेवढंच राहिलं. मग म्हटलं, मोठा श्वास घ्या. अर्ध्यावरच "आई गं!" सांधा किंवा स्नायू बिघडला असेल तर हात हलवला की दुखतं आणि दाबल्यावर दुखरी जागा बोटाखाली सापडते. इथं हात मोकळा, दाबून काही सापडत नाही, पण दीर्घ श्वास घेतला किंवा उठून बसलं की कळ येते. यावरून डॉक्टरांना तपासायचं नाही असा अर्थ काढू नका. पण हात कुणी पिरगाळला नाही, एवढी मामींची खात्री पटली. रात्रभर त्यांनी तो हात छातीशी बांधून ठेवल्यासारखा धरला होता. त्यानं उलट खांदा आणखी आखडतो.

मग काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे आडवं व्हायचं. मामींना घरच्यांनी उशांना टेकवून बसवलं होतं, "बसल्यावर बरं वाटतं" म्हणून. सपाट झोपवलं आणि डॉक्टरांना विचारून कमरेखाली पातळ उशी दिली, तर दहा मिनिटांत ठणका निम्म्यावर आला. वायू पडद्यापासून सरकला, एवढंच झालं. पण दिवसभर पडूनही राहायचं नाही. डॉक्टरांनी उठायला सांगितलं की थोडं थोडं चालायचं: खोलीतून व्हरांड्यापर्यंत, व्हरांड्यातून जिन्यापर्यंत. चालल्यानं श्वास खोल होतो, रक्त फिरतं आणि वायू लवकर शोषला जातो. पोटावर उशी हलकी दाबून धरली तर टाक्यांची भीती न बाळगता मोठे श्वास घेता येतात.

खांद्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवलेली चालते. दुखण्याचं मूळ तिथं नसलं तरी आराम मिळतो, कारण ऊब आणि स्पर्श यांचे निरोपही त्याच मज्जातंतूंवरून जातात आणि दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतात. चोळून घ्यायचं असेल तर हलक्या हातानं. शेक मात्र पोटावरच्या जखमांवर नको. पॅरासिटामॉल दुखायला लागल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला घ्यावी. ज्यांना किडनीचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी "जोरदार पेनकिलर द्या" म्हणून मेडिकलवाल्यापुढं हात पसरू नये.

डॉक्टरांच्या हातातही बरंच आहे. वायूचा दाब कमी ठेवता येतो. शेवटी छिद्रं बंद करण्याआधी भूलतज्ज्ञ फुप्फुसं चार-पाच वेळा चांगली फुगवतात, तेव्हा श्वासपटल खाली दाबलं जातं आणि साचलेला वायू छिद्रांतून बाहेर ढकलला जातो. मामींच्या बाबतीत हे केलं की नाही ते माहीत नाही. पण डिस्चार्ज कार्डावर पथ्य होतं, टाक्यांची तारीख होती, खांद्याबद्दल चकार शब्द नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर म्हातारीची एक रात्र वाचली असती. आईच्या वयाच्या कितीतरी बायका सांगतात, नसबंदीच्या शिबिरात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि दोन दिवस खांदा भरून आला होता. सगळ्यांनी तो शिबिराच्या सतरंजीवर झोपून अवघडल्याचा समजून सोसला.

हे दुखणं सहसा ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. क्वचित आठवडाभर रेंगाळतं. ओसरायच्या ऐवजी वाढत चाललं, सोबत ताप, थंडी, डोळ्यांत पिवळेपणा, पोट लाकडासारखं कडक असं काही दिसलं, तर पडद्याखाली वायू नसून पित्त, रक्त किंवा पू साचलेला असू शकतो. तेव्हा शेकत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. छातीत दाब, दरदरून घाम, धाप, पोटरीला सूज, यातलं काही असेल तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

हा मानेचा पत्ता ऑपरेशनशिवायही कामी येतो. अपघातात पोटाला मार लागून डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली की डावा खांदा दुखतो. ही खूण हान्स केर या जर्मन सर्जनच्या नावानं ओळखली जाते. तरुण बाईची पाळी चुकली आहे, पोटात दुखतंय, चक्कर येतेय आणि खांद्याच्या टोकाला कळ येतेय, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. आतलं रक्त पडद्याला लागतं आणि निरोप खांद्यावर पोचतो. "तिचं तर ऑपरेशन झालंय, दिवस कसे राहतील?" असं म्हणून घरचे इथंच गाफील राहतात. नसबंदी क्वचित फसते, आणि फसली की गर्भ नळीत राहण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी हातात तास-दोन तासच असतात.

मामींचा ठणका तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. आत्यांनी त्याचं श्रेय ओव्याला दिलं असून परळीपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना तसं फोनवर कळवूनही झालं आहे.