आजारपण वेतन आणि फर्लो (ब्रिटन, २०२०–२१)

आजारपण वेतन आणि फर्लो : करोनाच्या साथीत कामावर जाऊ न शकणाऱ्या नोकरदारांना ब्रिटनमध्ये पैसे मिळण्याच्या दोन वाटा. पहिली जुनी, १९८३ पासून चालत आलेली. आजारी कामगाराला कायद्याने ठरवून दिलेली किमान रक्कम मालकाने द्यायची, अशी ही तरतूद. दुसरी वाट अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २० मार्च २०२० रोजी जाहीर केली. काम बंद असले तरी कामगाराला पटावर ठेवायचे आणि त्याच्या पगाराचा ८० टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकारने मालकाला द्यायचा. या योजनेचे अधिकृत नाव ‘करोनाव्हायरस जॉब रिटेन्शन स्कीम’, पण लोकांच्या तोंडी फर्लो हाच शब्द बसला. माणूस दोन्हीकडे घरीच बसलेला. त्याच्या हातात किती पडायचे हे मात्र तो कशामुळे घरी बसला आहे, आणि त्याहूनही पैसा कोणाच्या खिशातून जाणार आहे, यावर ठरत होते.

रकमेतला फरक किरकोळ नव्हता. आजारपण वेतनाचा दर साथ आली तेव्हा आठवड्याला ९४.२५ पौंड होता, एप्रिल २०२० पासून ९५.८५ आणि एप्रिल २०२१ पासून ९६.३५ पौंड झाला. पगार कितीही असो, रक्कम हीच, आणि तीही जास्तीत जास्त २८ आठवडे. महिना २,००० पौंड कमावणारी दुकानातली विक्रेती फर्लोवर असेल तर तिला १,६०० पौंड मिळत. तीच तापाने महिनाभर अंथरुणावर असेल आणि मालक कायद्यापेक्षा जास्त काही देत नसेल, तर हाती जेमतेम ४१५ पौंड येत. बड्या कंपन्या आणि सरकारी खाती नोकरीच्या करारानुसार आजारपणात काही आठवडे वा महिने पूर्ण पगार देतात. तिथल्या माणसाला हा प्रश्न फारसा जाणवला नाही. झळ बसली ती हॉटेले, गोदामे, वृद्धाश्रम, साफसफाई अशा कामांतल्या लोकांना. आठवड्याला ९४.२५ पौंडांत तुमचे भागेल का, असे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना मार्च २०२० मध्ये बीबीसीच्या चर्चेत विचारले गेले तेव्हा त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितले. ही रक्कम त्यांच्याच सरकारच्या कायद्यातली होती.

जुन्या तरतुदीत आणखी दोन अडचणी होत्या. आजारपणाचे पहिले तीन दिवस कोरडे जात, पैसे चौथ्या दिवसापासून सुरू होत. साथीच्या काळात याचा अर्थ सरळ होता : खोकला सुरू झालेल्या माणसाने तीन दिवस खाडा सोसण्यापेक्षा कामावर जावे. म्हणून १३ मार्च २०२० पासून करोनाच्या प्रकरणांपुरती ही अट काढली गेली. मार्च २०२२ मध्ये ती परत आली. दुसरी अडचण किमान कमाईची. आठवड्याला सरासरी ११८ पौंडांपेक्षा (एप्रिल २०२० पासून १२० पौंडांपेक्षा) कमी कमावणाऱ्याला आजारपण वेतन मुळीच नव्हते. आठवड्यातून दोन संध्याकाळी काम करून ११० पौंड मिळवणाऱ्या वेटरला आजारी पडल्यावर शून्य आणि फर्लोवर ८८ पौंड, असा विचित्र हिशेब त्यातून निघे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना यातले काहीच लागू नव्हते. त्यांच्यासाठी नफ्यावर आधारित वेगळे अनुदान काढण्यात आले.

आजारी नसलेला, पण घरात कोणाला लक्षणे आहेत म्हणून विलगीकरणात असलेला माणूसही मार्च २०२० पासून आजारपण वेतनासाठी ‘आजारी’ धरला जाऊ लागला. डॉक्टरच्या दाखल्याऐवजी आरोग्यसेवेच्या ‘एनएचएस १११’ संकेतस्थळावरून विलगीकरणाची चिठ्ठी काढता येत असे. धोक्याच्या व्याधी असलेल्या सुमारे २२ लाख लोकांना इंग्लंडमध्ये घराबाहेर पडू नका असे कळवले होते. १६ एप्रिल २०२० पासून त्यांनाही ही तरतूद लागू झाली.

दोन्हींचा गुंता होतो तो इथे. एकाच दिवसासाठी एकाच माणसाला दोन्ही मिळत नसे, म्हणून कोणता दिवस कोणत्या खात्यात टाकायचा हे पगारपत्रक करणाऱ्याला ठरवावे लागे. सुरुवातीच्या सूचनांत म्हटले होते की आजारी वा विलगीकरणातील माणसाला आधी आजारपण वेतन द्या, नंतर हवे तर फर्लोवर घ्या. एप्रिलमध्ये भाषा सैलावली. अल्पकाळच्या आजारासाठी फर्लो नाही हे कायम राहिले, पण धंद्याच्या कारणासाठी मालकाला आजारी कामगारालाही फर्लोवर घेता येईल असे स्पष्ट झाले. तसे केले की तो आजारी गणला जाणार नाही, फर्लोवरचा गणला जाईल. दीर्घ आजारातले, घराबाहेर न पडण्याचा सल्ला मिळालेले आणि शाळा बंद म्हणून मुलांपाशी थांबलेले, या सर्वांना फर्लो देता येत होता. आधीच फर्लोवर असलेला कामगार आजारी पडला तर त्याला तिथेच ठेवायचे की आजारपण वेतनावर न्यायचे, हा निर्णय मालकाचा. बहुतेक हिशेबनीस काय करतील हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही : फर्लोचे पैसे सरकारकडून परत येत होते, आजारपण वेतनाचे मालकाच्या तिजोरीतून जात होते.

आजारपण वेतनाचा भार पूर्वीपासून असा मालकावर नव्हता. १९८३ मध्ये सरकार मालकाला ही रक्कम भरून देत असे. ती भरपाई टप्प्याटप्प्याने आटत गेली आणि २०१४ मध्ये उरलीसुरलीही बंद झाली. साथीत २५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकांना ती तात्पुरती परत मिळाली, दर कर्मचाऱ्यामागे फक्त दोन आठवड्यांपुरती. त्यासाठीचे अर्ज २६ मे २०२० पासून घेतले जाऊ लागले. फर्लोचे अर्ज मात्र २० एप्रिललाच सुरू झाले होते आणि त्यांना मालकाच्या आकाराची अट नव्हती.

फर्लो हा कामगाराचा हक्क कधीच नव्हता, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. त्यासाठी मालकाने तयार व्हावे लागे आणि कामगाराने मान्यता द्यावी लागे. कामगाराने मागणी केली तर मालक सरळ नाही म्हणू शकत होता. आजारपण वेतन अटींत बसणाऱ्याला नाकारता येत नसे. थोडक्यात, हक्काचे होते ते तुटपुंजे आणि भरघोस होते ते मालकाच्या मर्जीवर. शिवाय जूनअखेरपर्यंत फर्लो किमान सलग तीन आठवड्यांचा असावा लागे आणि त्या काळात त्या मालकाचे कोणतेही काम करता येत नसे. आठवडाभराच्या विलगीकरणाला तो मापातच बसत नव्हता. १ जुलै २०२० पासून अर्धवेळ काम आणि उरलेला वेळ फर्लो असे करता येऊ लागले, पण १० जूनपर्यंत एकदाही फर्लोवर न गेलेल्यांना तेव्हा दार बंद झाले. ते नोव्हेंबरमध्ये उघडले.

सरकारी वाटाही बदलत राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये तो ७० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये ६० टक्के झाला. मालकाने भर घालून कामगाराचे ८० टक्के पूर्ण करायचे होते. नोव्हेंबरमध्ये पुन्हा टाळेबंदी आली आणि वाटा परत ८० वर गेला. जुलै २०२१ पासून तो पुन्हा उतरला आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी योजना संपली. तोवर १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला होता आणि खर्च सुमारे ७,००० कोटी पौंडांवर गेला होता.

विलगीकरणात राहणे परवडत नाही म्हणून लोक ते टाळतात, ही तक्रार कामगार संघटना पहिल्यापासून करत होत्या. २८ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या, विलगीकरणाचा आदेश मिळालेल्या आणि घरून काम करता न येणाऱ्या लोकांना ५०० पौंडांची एकरकमी मदत सुरू झाली, ती या तक्रारीवरचे उशिराचे उत्तर म्हणता येईल. विलगीकरणासाठी फर्लो वापरता येतो, पण ते मार्गदर्शनात उघडपणे लिहायला अर्थखाते राजी नाही, असे सांगणारे सरकारी ईमेल जून २०२१ मध्ये प्रसारमाध्यमांतून बाहेर आले. गरज नसलेलेही फर्लोवर जातील, ही त्यामागची भीती होती. तिजोरी सांभाळणाऱ्याची ही भीती समजण्यासारखी आहे, पण त्याच काळात लोकांना घरी थांबा म्हणून बजावणारेही हेच सरकार होते.

फर्लो गेला, आजारपण वेतन राहिले. २०२५ च्या रोजगार हक्क कायद्याने त्यातले तीन कोरडे दिवस आणि किमान कमाईची अट, दोन्ही एप्रिल २०२६ पासून काढून टाकण्याचे ठरवले. कमी पगाराच्या कामगाराला सरासरी कमाईच्या ८० टक्के किंवा ठरीव साप्ताहिक दर, यांतले जे कमी असेल ते मिळायचे आहे. फर्लोतला ८० चा आकडा असा आजारपणाच्या कायद्यात शिरला, मात्र पैसे मालकानेच द्यायचे आहेत आणि बाकीच्या सर्वांसाठी ठरीव दरच कायम आहे.