माल होडीनंच येतो?

रंकाळ्यावर भेळ खाताना हमखास ऐकू येतं, "भावा, ड्रग्जचा माल रात्री होडीनं रत्नागिरीला उतरतोय, आंबा घाटातनं वर येतोय." ऐकायला झकास! होड्या वापरतात, नाही असं नाही. पण समुद्रमार्गे येणारा मोठा माल कित्येकदा रीतसर कागदपत्रांसह बंदरात उतरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, ते दोन कंटेनरांत. इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेल्या त्या मालाची कागदावर नोंद काय, तर टाल्कचे दगड. म्हणजे आपल्या अंगाला लावायच्या पावडरीचा कच्चा माल! मोठ्या बंदरात रोज हजारो कंटेनर हलतात. प्रत्येक उघडून बघत बसलं तर व्यापारच ठप्प. म्हणून कागद, स्कॅनर आणि खबर यांवरून संशयित तेवढे उघडतात.