स्वरमंडळ आणि हार्प : शिबिराला नाव घालण्याआधी

मालिकेत कुणी जुन्या आठवणीत शिरलं की मागे तारांचा झरझर चढत जाणारा आवाज येतो. तो बहुधा हार्पचा, नाहीतर कीबोर्डवरच्या हार्प टोनचा असतो. मैफलीत गायक आलापाच्या आधी मांडीवरच्या चपट्या वाद्यावरून बोट फिरवतो, तेव्हाही कानावर जवळजवळ तेच पडतं. त्यामुळे बेळगाव, निपाणी, खानापूरकडे गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं "स्वरमंडळ म्हणजे आपला हार्पच की" असं सहज म्हणतात. विकणारेही 'इंडियन हार्प' म्हणून स्वरमंडळ खपवतात. नुसतं ऐकायचं असेल तर यात काही बिघडत नाही. पण हातात घेऊन शिकायचं असेल, पैसे भरून दोन दिवसांच्या शिबिराला जायचं असेल, तर या दोन वाद्यांतला फरक आधीच कळायला हवा. स्वरमंडळाच्या शिबिरात मुख्यतः कान घडतो आणि हार्पच्या शिबिरात बोटं. एकाची आशा धरून दुसरीकडे गेलेला माणूस हिरमुसून परत येतो.

आधी बांधणी पाहू. स्वरमंडळ ही एका बाजूने तिरकी कापलेली चपटी लाकडी पेटी. तारा तिच्या पाठीवरून, लाकडाला समांतर जातात. हार्पमध्ये तारा ध्वनिफळीतूनच बाहेर निघतात आणि वर वाकलेल्या मानेपर्यंत ताणलेल्या असतात. फळीशी त्यांचं नातं उभं असतं, आडवं नसतं. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन अभ्यासकांनी 1914 मध्ये वाद्यांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यातही ही वाद्यं दोन वेगळ्या कुळांत पडतात. त्या हिशोबाने स्वरमंडळाचं सख्खं भावंड संतूर. हार्प त्याच्या भावकीतही येत नाही.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण वाजवण्याची सगळी रीत त्यातूनच येते. हार्पच्या तारांना दोन्ही बाजू मोकळ्या असतात. वादक वाद्य उजव्या खांद्यावर कलतं घेतो आणि एक हात या बाजूने, दुसरा त्या बाजूने तारांवर ठेवतो. उजव्या हातात चाल, डाव्या हातात खर्जाची साथ, असं दोन हातांचं संपूर्ण वादन त्यामुळे शक्य होतं. स्वरमंडळाला खालून लाकूड आहे, हात फक्त वरूनच लागतो. एक हात वाद्य धरतो, दुसरा तारा छेडतो आणि गळा गात असतो. गाणाऱ्याच्या सोबतीसाठीच ते आहे.

जाता जाता इतिहासातलं थोडं. हार्पच्या कुळातली वाद्यं भारताला परकी नव्हती. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर जी वीणा घेऊन बसला आहे, ती धनुष्यासारखी वाकलेली, म्हणजे हार्पच्याच जातीची आहे. नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा बोटांनी आणि नऊ तारांची विपंची 'कोण' नावाच्या छेडणीने वाजवायची असं सांगितलं आहे. पुढे ही घडण आपल्याकडून जवळपास नाहीशी झाली. म्यानमारमध्ये तिचं भावंड अजून वाजतं. स्वरमंडळाची नोंद वेगळ्या वाटेने येते. विजयनगरच्या राजाश्रयात संगीतरत्नाकर या जुन्या संगीतग्रंथावर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथाने 21 तारांच्या मत्तकोकिला वीणेलाच लोक स्वरमंडळ म्हणतात, असं पंधराव्या शतकात नोंदवलं. आइन-ए-अकबरीतही 21 तारांचं हे वाद्य आहे. आपल्या पिढ्यांच्या कानात ते बसलं ते बडे गुलाम अली खाँ, पंडित जसराज आणि किशोरीताई आमोणकर यांच्या मैफलींमुळे.

आता स्वरमंडळाच्या शिबिरात नेमकं काय घडतं ते पाहू. तुम्ही वाद्य मांडीवर घेता, तानपुऱ्याचा षड्ज (सा) कानात भरून घेता आणि चावी हातात घेता. तीस-पस्तीस तारा असतात. खर्जातल्या लांब तारेपासून सुरुवात करायची. आधी सगळे षड्ज, मग पंचम (रागात असेल तर), मग बाकीचे स्वर. शिकवणारा घाई करत नाही, करू देतही नाही. एक तार वर गेली की शेजारची थोडी उतरते, कारण ताण पूर्ण पेटीवर पडतो. म्हणून एकदा लावून भागत नाही, दुसरा फेरा मारावाच लागतो. पहिल्या दिवसाचा मोठा भाग यातच जातो, आणि तो वाया गेला असं कुणी समजू नये. दरबारीचा गंधार नुसता कोमल करून चालत नाही, आणखी खाली आणावा लागतो. तो किती खाली, हे कुठल्याही पट्टीवर लिहिलेलं नसतं. तारेवर चावी फिरवताना तो स्वर जिथे "बसतो", ती जागा स्वतःच्या कानाने शोधायची. आयुष्यभर हार्मोनियमवर गायलेल्या माणसाला श्रुती, म्हणजे स्वराची ही बारीक जागा, पहिल्यांदा हाताला लागते ती इथे.

मग प्रश्न येतो क्रमाचा. यमनाच्या तारा सरळ सप्तकाच्या क्रमाने लावायच्या, की 'नि रे ग म॑' अशा रागाच्या चलनाने? दोन्ही पद्धतीचे लोक आहेत. माझं मत चलनाच्या बाजूने आहे. नुसतं बोट फिरवलं तरी रागाचा चेहरा दिसला पाहिजे. क्रमाने लावलेल्या तारांतून थाट, म्हणजे नुसता स्वरांचा संच, दिसतो, राग दिसेलच असं नाही.

छेडण्याचं शिक्षण त्या मानाने थोडक्यात आटपतं: बोटाचा हलका स्पर्श, खालून वर, आणि गाण्याच्या श्वासात. तान चालू असताना तारा छेडू नयेत. समेवर आल्यावर, शब्द संपल्यावर, स्वर ठेवून थांबल्यावर छेडाव्यात. राग बदलताना तळहाताने सगळ्या तारा शांत कराव्यात. यापुढचं शिकवता येत नाही, ते गाताना येतं. आणि स्वरमंडळ आहे म्हणून तानपुरा बाजूला ठेवणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. स्वरमंडळाचा झंकार येतो आणि विरतो. खाली सलग आधार तानपुऱ्याचाच हवा.

हार्पच्या शिबिरात चित्र पार वेगळं असतं. तारा बहुधा आधीच लावून ठेवलेल्या असतात. तुम्ही बसता आणि पहिला तास हाताच्या ठेवणीवर जातो. अंगठा वर, बाकीची बोटं जरा खाली झुकलेली, मनगट सैल. करंगळी वापरायचीच नाही, कारण ती आखूड असल्याने हाताची ठेवण बिघडते. बोटांना क्रमांक असतात: अंगठा 1, अनामिका 4. तार नखाने टोचायची नसते. बोटाच्या पेराने ओढायची आणि ते बोट थेट तळहातात मिटवायचं. बोट मिटलं नाही तर आवाज पातळ येतो, हे शिकवणारा पुनःपुन्हा सांगतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोटं आधीच जागेवर ठेवणं. चार स्वरांचा गट वाजवायचा असेल तर पहिला स्वर वाजण्याआधी चारही बोटं आपापल्या तारांवर असली पाहिजेत. सतार किंवा हार्मोनियम वाजवणाऱ्याला हे अवघड जातं. तिथे बोट स्वराच्या मागोमाग जातं, इथे ते स्वराच्या आधी पोचतं. शिवाय वाजत असलेल्या तारेवर बोट चुकून टेकलं की तार खरखरते, म्हणून कुठली तार कधी थांबवायची याचाही हिशोब ठेवावा लागतो. खुणेसाठी 'सी'च्या (हार्मोनियमची पांढरी एक) तारा लाल आणि 'एफ'च्या (पांढरी चार) काळ्या किंवा निळ्या असतात. दिवसभर वाजवलं तर नवख्याच्या बोटांना फोड येतात. म्हणून चांगला शिक्षक थोडं वाजवून घेतो, थांबवतो, पुन्हा वाजवून घेतो.

आता आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जास्त खुणावणारा प्रश्न: हार्पवर राग वाजेल का? त्यासाठी हार्पचे दोन प्रकार माहीत हवेत. मोठ्या ऑर्केस्ट्रातल्या हार्पला 47 तारा असतात आणि पायाशी सात पेडल. सप्तकातल्या प्रत्येक स्वरनामाला एक पेडल. त्याला तीन जागा: उतरलेला, मधला, चढलेला. ही दुहेरी यंत्रणा सेबास्तियाँ एरार याने 1810 मध्ये पेटंट केली. लहान हार्पला पेडल नसतात. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक खटका असतो आणि तो उचलला की स्वर अर्ध्याने चढतो. शिबिरात हातात पडतो तो जवळपास नेहमी हा खटक्याचा हार्प.

हे लहान हार्प बरेचदा ई-फ्लॅटमध्ये लावलेले असतात. आपल्या भाषेत, खटके खाली असताना पांढरी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात या पट्ट्यांचे स्वर अर्ध्याने उतरलेले. आता पांढरी एकचा षड्ज धरून भैरव काढायला गेलात तर अडकाल, कारण कोमल ऋषभासाठी 'डी'ची तार खाली आणायची सोय खटक्यात नाही. तोच भैरव पांढरी दोनच्या षड्जावर धरा. 'ई' खाली ठेवा, की कोमल ऋषभ मिळाला. 'एफ' उचला, शुद्ध गंधार. 'जी' तसाच, शुद्ध मध्यम. 'ए' उचला, पंचम. 'बी' खाली ठेवा, कोमल धैवत. 'सी' उचला, शुद्ध निषाद. पूर्ण भैरव हाताखाली आला. 'एफ' खाली आणि 'जी' वर केलात की त्याच षड्जावर तोडी. आपल्या गाण्याच्या मुलांनी हा हिशोब कागदावर एकदा मांडून पाहावा. हार्पकडे बघण्याची नजरच बदलते.

पेडलच्या हार्पवर तर भूपही झरकन ओढता येतो. पांढरी एकचा षड्ज धरा, 'एफ' उतरवून 'ई'शी जुळवा, 'बी' चढवून 'सी'शी जुळवा. मध्यम आणि निषाद गेले, राहिले भूपाचे पाच स्वर. बोट कसंही फिरवा, दुसरा स्वर लागणारच नाही.

मात्र केदार आला की हार्प अडखळतो. एका सप्तकात 'एफ'ची तार एकच, आणि केदाराला दोन्ही मध्यम हवेत. वाजवता वाजवता पेडल किंवा खटका बदलत राहावं लागतं. स्वरमंडळावर शुद्ध मध्यमाची एक तार आणि तीव्र मध्यमाची शेजारी एक, एवढ्यावर काम होतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, दोघांनाही नाही. ज्याला मींड हवी त्याने या दोन्ही वाद्यांकडे त्या अपेक्षेने जाऊ नये.

हार्पच्या शैलींबद्दल थोडक्यात. पाराग्वेत हार्प नखांनी, हलक्या ताणाच्या तारांवर, नाचाच्या लयीत वाजतो. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या धातूच्या तारांच्या हार्पवरही नखंच, पण आवाज इतका लांबतो की तार थांबवणं हीच तिथली मुख्य कला. वेल्सच्या हार्पला तारांच्या तीन रांगा असतात आणि मधल्या रांगेतले विकृत स्वर बाहेरच्या रांगेतून बोट घालून काढावे लागतात. आयरिश हार्पवादन 2019 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. एडिंबरामध्ये 1982 पासून हार्पचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो आणि तिथे मैफलींइतकंच महत्त्व शिकवण्याच्या वर्गांना असतं. एका दिवसात या सगळ्या शैली शिकवणारं शिबिर असेल तर ते ओळख करून देईल, हात बसवणार नाही.

आपल्या भागाचा विचार केला तर स्वरमंडळ हाताशी आहे. मिरज बेळगावहून रेल्वेने थोड्या तासांवर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच कारागिरांच्या गल्लीत स्वरमंडळ बघून, वाजवून, लावून घेता येतं. ऑनलाइन मागवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. खुंटी सैल आहे का, ती ताण धरते का, हे हातानेच कळतं. हार्पचं तसं नाही. पेडलचा हार्प माणसाएवढा उंच आणि पस्तीस-चाळीस किलोचा, किंमत लाखांत. म्हणून हार्पच्या शिबिराची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच असावा: प्रत्येकाला वाद्य मिळणार का, की एक हार्प आणि दहा जण रांगेत?

आणि आपला पावसाळा. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की लाकूड फुगतं, तारा चढतात, आणि हार्पला आतड्याच्या तारा असतील तर त्या ओढल्या जाऊन तुटतात. स्वरमंडळाच्या पोलादी तारा तुटत नाहीत, पण गंजतात. तेच वाद्य अथणीच्या कोरड्या हवेत नेलं की सगळं उलट दिशेने सरकतं. शिबिराला वाद्य घेऊन जात असाल तर आदल्या रात्रीच तिथल्या खोलीत उघडून ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसा.

हल्ली ऑनलाइन 16 किंवा 19 तारांचं एक छोटं लाकडी वाद्य 'लायर हार्प' नावाने मिळतं. त्याच्या तारा घोडीवरून, लाकडाला समांतर जातात, म्हणून ते हार्प नव्हे. स्वरमंडळही नव्हे, कारण रागापुरत्या तारा त्यावर बसत नाहीत. मुलांना चाली वाजवायला ते गोड आहे. पण त्यावर बसलेली बोटांची सवय हार्पवर जशीच्या तशी चालत नाही.

तुम्ही गात असाल तर मी स्वरमंडळाच्या शिबिराला जा म्हणेन, आणि आधी महिनाभर तानपुरा स्वतः लावायची सवय करा म्हणेन. गात नसाल, पण दोन्ही हातांनी स्वतः चाल वाजवावी असं मनात असेल, तर हार्प. तिथे जाताना नखं कापून जा. पारंपरिक पाराग्वे किंवा धातूच्या तारांची शैली असेल, तरच ती ठेवा. आयोजकांना हे आधी फोन करून विचारा, कारण जाहिरातीत बहुतेक वेळा नुसतं 'हार्प' एवढंच लिहिलेलं असतं.