ड्रम जॅक आणि ड्रम रोलर : दोघांनाही ‘स्टँड’ म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो

साइटवरून दुकानात फोन जातो, “केबलचं स्टँड पाठवून द्या, उद्या सकाळी ओढायचीय.” सकाळी टेम्पो येतो आणि मुकादम डोक्याला हात लावतो, कारण त्याला हवे होते दोन उभे जॅक आणि आलाय जमिनीलगतचा रोलर, किंवा बरोबर उलटं. दहा माणसं बोलावलेली असतात, ट्रेंच खणून तयार असते, रस्ता बंद ठेवायची परवानगी दुपारपर्यंतचीच असते, मग काय होतं तर “आलंय त्यावरच चढवा”. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ड्रम म्हणजे केबल गुंडाळलेलं मोठं रीळ. फरक एका ओळीत सांगायचा तर जॅकवर ड्रम त्याच्या पोटातून गेलेल्या शाफ्टवर टांगलेला असतो आणि रोलरवर ड्रम त्याच्या कडांवर उभा असतो. बैलगाडीचं चाक आसावर फिरतं ना, तसा जॅकवरचा ड्रम. आणि गाडीचे ब्रेक तपासताना चाक दोन रोलरच्या मधे बसवून जागच्या जागी फिरवतात, तसा रोलरवरचा ड्रम. बाकी जे काही आहे, म्हणजे जमीन कशी पाहिजे, ड्रम कसा पाहिजे, माणसं किती, धोका कुठे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं, भार मधे घेतलाय का कडेला.

आधी वजनाचा अंदाज घेऊ, कारण नवीन पोरांना तो नसतो. ११ केव्हीची ३ कोर ३०० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम एक्सएलपीई आर्मर्ड केबल (जमिनीखालून टाकतात ती जाड केबल, आत तीन तारा) घेतली तर मीटरला साधारण ९-१० किलो धरा. ३०० मीटरचा ड्रम म्हणजे केबलच तीन टनाच्या आसपास, वर लाकडी ड्रमचं वजन वेगळं. नेमका आकडा ड्रमच्या बाजूवर लिहिलेला असतो, ग्रॉस वेट म्हणून, तो वाचायचा. त्याच्याच बाजूला एक बाण रंगवलेला असतो. ड्रम गडगडवत न्यायचा असेल तर त्या बाणाच्या दिशेनेच, म्हणजे केबलचे वेढे आवळत जातात, उलटा गडगडवला की सैल पडतात. आणि केबल सोडताना ड्रम बाणाच्या उलट फिरला पाहिजे. जॅक असो नाहीतर रोलर, ड्रम चढवायच्या आधी तोंड कुठे येणार हे बघून घ्या, केबल ड्रमच्या वरच्या बाजूने निघाली पाहिजे. तीन टन वर चढवून झाल्यावर “अरे उलटा बसलाय” हे कळणं म्हणजे एक तास गेलाच.

आता जॅक. दोन सुटे स्टँड असतात, खाली रुंद पाया, मधे स्क्रू किंवा हायड्रॉलिक, वर शाफ्ट टेकवायला खाच. शाफ्ट ड्रमच्या मधल्या भोकातून आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना जॅक लावायचे आणि दोन्हीकडून सारखं सारखं उचलत ड्रम जमिनीपासून दोन-तीन इंच वर घ्यायचा. बास, तेवढंच. काही जण फूटभर वर घेतात, “मोकळा फिरतो” म्हणून, पण मोकळा तो दोन इंचांवरही फिरतो, आणि वर गेला की काही झाल्यावर पडायची उंची तेवढी वाढते.

जॅकच्या बाबतीत सगळे जॅककडे बघतात आणि शाफ्टकडे कोणी बघत नाही. चाकणच्या बाजूला एका कामावर आमचा शाफ्ट आलाच नव्हता, ठेकेदाराच्या माणसाने दोन इंची जीआय पाइप आणून दिला, पाण्याच्या लाइनचा असतो तो. ड्रम जवळपास सव्वातीन टनाचा. वर उचलला तेव्हा सगळं ठीक वाटलं, ओढायला सुरुवात झाली, चाळीसेक मीटर गेली असेल आणि ड्रमजवळ उभ्या असलेल्या काकांनी हात वर करून ओरडून थांबवलं. जाऊन बघितलं तर पाइपने मधे झोळ धरला होता, ड्रम एका बाजूला सरकून त्याची फ्लँज (ड्रमच्या बाजूची गोल तबकडी) जॅकच्या अंगाला घासत होती, लाकडाचा ताजा भुसा खाली पडला होता आणि तो जॅक बाहेरच्या बाजूला कलायला लागला होता. कोणाला लागलं नाही, पण ड्रम हळूहळू खाली घेईपर्यंत कोणी बोलत नव्हतं. संध्याकाळी भरीव शाफ्ट आला तेव्हा काम परत सुरू झालं. त्या काकांचं लक्ष नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो. तेव्हापासून शाफ्टला माझा नियम आहे, भरीव बार नाहीतर त्या वजनासाठीच बनवलेला जाड पाइप, दोन्हीकडे कॉलर लावलेल्या म्हणजे ड्रम शाफ्टवर सरकणार नाही, आणि शाफ्टवर लेव्हल ठेवून बघितल्याशिवाय ओढायला सांगायचं नाही.

अजून एक गोष्ट भोकाची. ड्रमचं भोक मोठं आणि शाफ्ट बारीक असेल तर ड्रम शाफ्टवर नुसता लोंबकळतो, फिरताना धक्के देतो, भोकाची कड खात जातो. मधे बुश (फट भरणारी कडी) टाकायचा, चिंध्या किंवा लाकडाचे तुकडे कोंबायचे नाहीत.

आणि जमीन. जॅकचा पाया म्हणजे दोन छोट्या जागा, प्रत्येकीवर दीड-पावणेदोन टन. काँक्रीटवर काही प्रश्न नाही, कोकणातल्या जांभ्यावरही बऱ्यापैकी चालतं, पण मराठवाड्यात विदर्भात काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर जॅक लावून बघा, अर्ध्या तासात एक पाय खाली गेलेला असतो आणि ज्या बाजूचा गेला त्या बाजूला अख्खा ड्रम सरकतो. खाली जाड लोखंडी प्लेट किंवा लाकडी स्लीपर टाकायचेच, आडवे-उभे दोन थर, म्हणजे भार पसरतो. विटा नाही, वीट मधेच फुटते. जॅक बुटका पडला म्हणून विटांवर ठेवलेला मी बघितलाय, तसं करण्यापेक्षा काम एक दिवस पुढे ढकला. जॅक मागवताना ड्रमचा व्यास सांगितला तर ही वेळच येत नाही, दोन मीटर व्यासाच्या ड्रमला शाफ्ट एक मीटरच्या वर जायला पाहिजे, साधा हिशोब आहे.

आता रोलर. ही एक बुटकी फ्रेम, त्यात दोन आडवे रोलर बेअरिंगवर, किंवा दोन सुट्या पट्ट्या, प्रत्येक फ्लँजखाली एक. शाफ्ट नाही, जॅक फिरवणं नाही, छोट्या उतारावरून ड्रम ढकलत वर नेला की बसला. उतरवताना एक रोलर लॉक करायचा म्हणजे ड्रम जागच्या जागी न फिरता पुढे निघून येतो. हलक्या ड्रमला दोन माणसं पुरतात. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जिथे दिवसभर केबल मोजून कापून द्यायचं काम असतं, किंवा भिवंडीच्या गोडाऊनमधे, तिथे रोलरसारखं दुसरं काही नाही, दिवसात आठ ड्रम बदलायचे तर प्रत्येक वेळी शाफ्ट कोण घालत बसणार. पॅनेल रूमच्या फरशीवर एलटी (कमी दाबाच्या) केबलचे छोटे ड्रम, कंट्रोल केबल, हे सगळं रोलरवरच सोपं. मोठ्या वजनाचे, मोटर लावलेले रोलरही कारखान्यांमधे असतात, त्यामुळे रोलर म्हणजे हलकंच काम असं नाही. पण इथे मी बोलतोय ते भाड्याने मिळणाऱ्या साध्या रोलरबद्दल.

रोलरची सगळी मदार ड्रमच्या कडेवर. जॅकवर फ्लँजचा एक तुकडा उडालेला असला तरी ड्रम गुमान फिरतो, कारण कड हवेत आहे. रोलरवर तोच तुटका भाग खाली आला की ड्रम दणकन आपटतो, दर फेरीला एकदा. पावसात दोन महिने उघड्यावर पडलेला लाकडी ड्रम असेल तर कड भुसभुशीत झालेली असते, रोलर तिच्यात रुततो. आणि खिळे! बाहेरच्या लाकडी पट्ट्या पहारीने उचकटतात आणि खिळे कडेत तसेच राहतात. जॅकवर ते फक्त कपडे फाडतात, रोलरवर प्रत्येक खिळा टक्‌ टक्‌ वाजत येतो आणि एखादा वाकलेला खिळा रोलर आणि फ्रेमच्या मधे अडकला की ड्रम जाम. म्हणून ड्रम रोलरवर चढवायच्या आधी हातात हातोडी घेऊन कडेवरून एक चक्कर मारायची, दहा मिनिटं लागतात.

आता जाम झालेल्या ड्रमचं बघू, कारण माझ्या मते या दोघांतला खरा फरक इथे आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. रोलरवर ड्रमला धरून ठेवणारं एकच आहे, त्याचं स्वतःचं वजन. समजा ड्रमचा व्यास १.८ मीटर आणि दोन रोलरमधलं अंतर अर्धा मीटर. ड्रम मोकळा फिरतोय तोवर केबलला ताण फार नसतो. पण अडकला आणि पुढून ओढणं चालूच राहिलं तर केबल वरून निघत असल्याने आडवी ओढ ड्रमच्या वजनाच्या पावपटीपर्यंत जायच्या आधीच मागचा रोलर सुटतो आणि ड्रम पुढच्या रोलरवरून उडी मारायला बघतो. भरलेला सव्वातीन टनाचा ड्रम असेल तर त्याला काही शे किलोची ओढ लागेल, हाताने ओढताना तेवढी सहसा येत नाही. पण शेवटचे वीस मीटर राहिले तेव्हा? ड्रम आणि उरलेली केबल मिळून पाचशे किलो. आता शंभरेक किलो पुरे. आठ माणसं “हैश्श्या” म्हणून एकदम झटका देतात तो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि बरोबर याच वेळी सगळे निवांत झालेले असतात, “संपत आली” म्हणून ड्रमवरचा माणूस पाणी प्यायला गेलेला असतो.

पुढे विंच, म्हणजे दोराने ओढायचं यंत्र, असेल तर अजूनच वाईट. केबल टाकण्याची आपली कोड आहे ती आयएस १२५५, त्यात ॲल्युमिनियम कंडक्टरला पुलिंग आय (ओढायची कडी) लावून ओढताना चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ही मर्यादा दिलीय. ३०० च्या ३ कोरला हिशोब केला तर २७,००० न्यूटन, म्हणजे २.७ टनांच्या वर. विंचवाला मीटर बघत असतो आणि त्याच्या दृष्टीने केबल अजून सुरक्षितच असते, तिकडे ड्रम मात्र रोलरवरून कधीच उडालेला असतो. म्हणून विंचने ओढायचं असेल तर मी रोलर लावू देत नाही, सरळ सांगतो.

जॅक यातून सुटतो का? पूर्ण नाही. ओढ शाफ्टच्या उंचीवर येते म्हणून जॅकही पुढे कलंडू शकतो, त्यासाठी पायाची लांब बाजू ओढायच्या दिशेला ठेवायची, आडवी नाही. आणि वरच्या खाचेला झाकण किंवा पिन असते ती लावायची, बहुतेक ठिकाणी ती हरवलेली असते. पण पाया रुंद, पिन लावलेली आणि शाफ्ट भरीव असेल तर अडकलेला ड्रम जागेवर राहतो, आरडाओरडा करून ओढणं थांबवायला वेळ मिळतो.

ब्रेकच्या बाबतीत दोघे सारखेच, ओढणं थांबलं तरी ड्रम फिरत राहतो, केबल पुढे ढीग होऊन पडते आणि मग परत ओढताना तिला पीळ पडून ती मुडपते. दोन्हीकडे एक माणूस फ्लँजला फळी दाबायला कायम ठेवायचा, हा माणूस सगळ्यात अनुभवी पाहिजे, आणि होतं काय तर सगळ्यात नवीन पोराला तिथे उभं करतात. त्याच्या आणि पुढे ओढणाऱ्यांच्या मधे शिट्टी किंवा वॉकीटॉकी असलीच पाहिजे, तीनशे मीटरवर हाक ऐकू जात नाही.

ड्रम ट्रॉली ही तिसरीच गोष्ट, चाकांची, गाडीमागे जोडायची. तिच्यावर ड्रम शाफ्टवरच असतो, म्हणजे ती जॅकच्या घरातली. जॅक किंवा रोलर ड्रम हलवायला नाहीत, फक्त जागेवर फिरवायला आहेत. ट्रकमधून उतरवायला हायड्रा (चाकांची क्रेन) आणि शाफ्टला अडकवलेले स्लिंग (उचलायचे पट्टे), वर आडवा बार लावून, म्हणजे स्लिंग फ्लँज आत दाबत नाही. ट्रकच्या फाळक्यावरून जुन्या टायरवर ड्रम ढकलून द्यायची पद्धत अजून चालू आहे, तसं पडलेल्या ड्रमची फ्लँज खिळखिळी होते, आणि तोच ड्रम नंतर कोणीतरी रोलरवर चढवतं.

तर फोन करताना ‘स्टँड’ म्हणू नका. “शाफ्टवाले जॅक” म्हणा नाहीतर “खालचा रोलर” म्हणा, बरोबर ड्रमवरचं ग्रॉस वेट, व्यास, रुंदी आणि भोकाचं माप वाचून सांगा. जॅक घेत असाल तर लिहिलेले टन जोडीचे आहेत का एकाचे हे विचारा, ‘१० टन’ लिहिलेलं असतं आणि ते कधी कधी दोन्ही मिळून असतं. आणि शाफ्ट, कॉलर, पिन त्याच टेम्पोत टाकल्यात का, हे टेम्पो निघायच्या आधी परत एकदा फोन करून विचारा.