सलाईनची सुई आणि इंट्राकॅथ: शिरेत नेमके काय राहते?

रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात तासभर बसले, की एक वाक्य हमखास कानावर पडते: "हात हलवू नकोस, आत सुई आहे." कधी आई ते मुलाला ऐकवते, कधी सून सासूबाईंना, पण सर्वांत जास्त खटकते ते नुकत्याच कामाला लागलेल्या एखाद्या परिचारिकेच्या तोंडून आले म्हणजे. ज्या रुग्णाच्या हाताच्या पाठीवर चिकटपट्टीखालून छोटे रंगीत टोपण डोकावते आहे, त्याच्या शिरेत सुई नसते. ती होती, पण शीर सापडल्यावर काही क्षणांतच बाहेर निघाली आणि डब्यात गेली. आत राहिली आहे ती मऊ प्लॅस्टिकची नळी, जिला आपल्याकडे वॉर्डात 'इंट्राकॅथ' म्हणतात. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना हे शिकवण्यात बरीच वर्षे गेली आहेत, आणि तरीही दर वर्षी नव्या तुकडीतले निम्मे चेहरे हे ऐकून चकित होतात. म्हणून एकदाचे सविस्तर लिहावे असे वाटले.

सुईविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. पोकळ पोलादी नळीचे टोक तिरपे कापले की सुई झाली. डब्लिनमध्ये फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये पोकळ सुईतून त्वचेखाली औषध सोडले आणि १८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड यांनी तिला पिचकारीची जोड दिली, तेव्हापासून तिच्या तत्त्वात काहीही बदललेले नाही: जी टोचते, तिच्यातूनच औषध जाते. वॉर्डात जिला 'स्काल्प व्हेन' म्हणतात, ती दोन पंखांची, मागे बारीक नळी जोडलेली सुई याच कुळातली. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरील शिरांसाठी ती वापरली जाई म्हणून हे नाव. आज मोठ्या माणसाच्या हातातून रक्त काढतानाही तेच नाव चालते. तिच्या बाबतीत "आत सुई आहे" हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. रक्त काढणे किंवा एखादे इंजेक्शन देऊन लगेच काढून घेणे, एवढ्यासाठी ती उत्तम. दिवसभराच्या सलाईनसाठी ती लावलेली पाहिली की मला अस्वस्थ व्हायला होते.

त्या अस्वस्थतेचे कारण जुने आहे. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लॅटा यांनी प्रथमच रुग्णाच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. रुग्ण एक वयस्क स्त्री होती. शिरेत चांदीची बारीक नळी घालून अर्ध्या तासात सुमारे सहा पिंट पाणी दिल्यावर तिच्या विझत चाललेल्या देहात पुन्हा धग आली, परंतु नंतर पुन्हा जुलाब सुरू झाले, आणखी पाणी दिले गेले नाही आणि ती काही तासांत गेली. (कॉलऱ्यात रक्तातील पाणी आणि क्षार कमी होतात हे रासायनिक तपासणीने दाखवणारे, म्हणजे लॅटा यांना ही दिशा देणारे विल्यम ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि त्यांनी येथे तारायंत्राचे जाळे उभारले.) लॅटा यांच्या प्रयोगाने दोन गोष्टी एकदमच दाखवून दिल्या. शिरेतून पाणी देता येते ही पहिली; आणि एकदा देऊन भागत नाही, वाट तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस उघडी ठेवावी लागते, ही दुसरी. पोलादी सुई पहिल्या गोष्टीला पुरते, दुसरीला पुरत नाही. शीर मऊ असते, हात हलतो, आणि सुईचे टोक आपला तीक्ष्णपणा विसरत नाही. रुग्णाने कूस बदलली की ते शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर येते आणि पाणी मांसात साचू लागते. यालाच आपण 'शीर फुटली' म्हणतो. म्हणून पोलादी सुईच्या काळात हात फळीला बांधून ठेवत. "हात हलवू नकोस, आत सुई आहे" हे वाक्य त्या फळीच्या काळात जन्मले असावे आणि त्या काळात ते अगदी बरोबर होते. साधन बदलले, वाक्य तेवढे मागे राहिले.

साधन कसे बदलले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. १९४० च्या दशकात लवचीक प्लॅस्टिकच्या नळ्या हाती आल्यावर पहिला विचार सुचला तो सरळ होता: जाड सुई शिरेत घालावी, तिच्या पोकळीतून बारीक नळी आत सरकवावी आणि मग सुई मागे ओढून घ्यावी. नळी सुईच्या पोटात. यात एक अडचण मूळचीच आहे. नळी सुईच्या आतून जायची म्हणजे ती सुईपेक्षा बारीक असणार, आणि शिरेला भोक मात्र जाड सुईचे पडणार. मग नळीच्या भोवतीने रक्त पाझरणार. दुसरी अडचण जिवावरची होती. सरकवलेली नळी पुढे जाईना म्हणून कोणी ती सुईतूनच मागे ओढली, तर सुईची धारदार कड तिला विळीसारखी कापी आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाच्या दिशेने वाहत जाई. असे तुकडे खरोखर गेले आहेत.

अमेरिकेत मिनेसोटातील रोचेस्टर या गावी असलेल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा हे भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेत होते. त्यांनी क्रम उलटा केला: नळी सुईच्या पोटात न घालता सुईच्या अंगावर, बाहीसारखी चढवली. सुई आत, प्लॅस्टिक बाहेर. हे साधन १९५० मध्ये जॉन लंडी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध झाले आणि त्याला 'रोचेस्टर सुई' असे नाव पडले. आता भोक सुईचे आणि त्यात बसणारी नळी त्याहून किंचित जाड, त्यामुळे शीर नळीभोवती घट्ट बसते. आज आपल्या हातावर जे लावले जाते, ते या उलट्या क्रमाचेच वंशज आहे. पीव्हीसी या सुरुवातीच्या प्लॅस्टिकची जागा पुढे टेफ्लॉनने आणि मग शरीराच्या उष्णतेने आणखी मऊ पडणाऱ्या पॉलियुरेथेनने घेतली, एवढाच फरक.

आता आपल्या बोलण्यातला विनोद पाहावा. 'इंट्राकॅथ' हे मुळात अमेरिकेतील युटा राज्यातल्या डेझरेट या कंपनीचे व्यापारी नाव, आणि ते होते पहिल्या पद्धतीच्या, म्हणजे सुईच्या आतून नळी जाणाऱ्या साधनाचे. त्याच कंपनीने सुईवर चढवलेली नळी बाजारात आणली, तिचे नाव 'अँजिओकॅथ'. आपल्याकडच्या वॉर्डांनी जुने नाव उचलले आणि नव्या वस्तूला चिकटवले. काही ठिकाणी हीच वस्तू 'व्हेनफ्लॉन' होते, तेही स्वीडनमधून आलेले एक व्यापारी नाव. नावांवरून भांडण्यात मला रस नाही, 'इंट्राकॅथ' मीही म्हणते. मात्र परदेशी पाठ्यपुस्तकात 'इंट्राकॅथ' शब्द वाचून विद्यार्थी जेव्हा त्यातले तुटण्याचे सारे धोके हिरव्या किंवा गुलाबी कॅन्युलावर, म्हणजे सुईवर चढवलेल्या आजच्या नळीवर, जसेच्या तसे लादतात, किंवा उलट "ते जुन्या साधनाचे धोके होते" म्हणून निर्धास्त होतात, तेव्हा बोलावे लागते. नव्या साधनातही नळी तुटू शकते, पण वेगळ्या चुकीने: अर्धवट बाहेर काढलेली सुई पुन्हा नळीत खुपसल्याने. नळी आत कुठे वाकली असेल, तर परत जाणारी सुई तिला आतून भोसकते. म्हणून सुई एकदा मागे घेतली की घेतली. शीर मिळाली नाही तर सुई आणि नळी दोन्ही काढावीत आणि नव्या कॅन्युलाने पुन्हा सुरुवात करावी. कॅन्युलाचे पैसे वाचवण्यासाठी तीच सुई परत घालणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्या बाबतीत मला कोणाचीही सबब मान्य नाही.

सुई आत आणि नळी बाहेर, ही रचना डोळ्यांसमोर नसली की आणखी एक चूक होते, आणि शिकाऊ मंडळींचे बहुतेक अपयश तिच्यातूनच येते. नळीला सुईच्या अंगावर चढायचे असल्याने सुईचे टोक नळीच्या टोकापेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे असते. सुई शिरेत शिरली की मागच्या पारदर्शक कप्प्यात रक्त चमकते, आणि विद्यार्थी हुश्श करून तिथेच थांबतो. वास्तविक ते रक्त केवळ सुई शिरेत पोचल्याचे सांगत असते; नळीचे टोक अजून शिरेच्या भिंतीत किंवा तिच्या बाहेरच असू शकते. तेवढ्यावर सुई मागे ओढली आणि नळी पुढे ढकलली, तर नळी शिरेला बाजूला लोटते, आणि "रक्त तर आले होते, मग सलाईन का जात नाही?" हा प्रश्न उरतो. रक्त दिसल्यावर सुईचा कोन कमी करून, ती त्वचेला जवळजवळ समांतर धरून, दोन्ही मिळून आणखी किंचित पुढे न्यावीत; मग सुई स्थिर ठेवून तिच्यावरून नळी सरकवावी. स्काल्प व्हेन लावण्यात हात बसलेली माणसे येथे हमखास चुकतात, कारण तिच्यात टोचणारे आणि राहणारे टोक एकच असते; तिथे रक्त आले म्हणजे काम झाले. इंट्राकॅथमध्ये रक्त आले म्हणजे काम निम्मे झाले.

मग हात हलवायचा की नाही? बोटे हलवावीत, पेला धरावा, कूस बदलावी. नळी टोचत नाही. सांध्यावर, म्हणजे कोपराच्या खळगीत किंवा मनगटाच्या वाकणीवर ती लावली असेल, तर मात्र हात दुमडल्यावर नळी मुडपते, थेंब थांबतात आणि सततच्या घासण्याने शीर सुजते. अशा वेळी आईचे सांगणे योग्य ठरते, तिने दिलेले कारण तेवढे चुकीचे असते. लहान मुलांचा हात मऊ पट्टीवर ठेवतात तोही याचसाठी. माझे मत विचाराल, तर वेळ हाताशी असताना कोपराची खळगी निवडणे हा आळस आहे; पुढच्या हातावर, दोन सांध्यांच्या मधे, सरळ शीर शोधावी.

मऊ आहे म्हणून नळी निरुपद्रवी आहे, असेही कोणी समजू नये. तिच्यातून जंतू शिरू शकतात आणि शीर लाल, कडक, दुखरी होऊ शकते. जंतुसंसर्गाच्या बाबतीत पोलादी सुई टेफ्लॉनच्या नळीपेक्षा वाईट ठरलेली नाही. ती मागे पडते ती औषध शिरेबाहेर सांडण्याच्या बाबतीत, आणि म्हणूनच मांस जाळू शकणारी औषधे तिच्यातून देऊ नयेत असा संकेत आहे. नळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. अलीकडे मोठ्या माणसांतही लक्षणे पाहून, गरज भासल्यासच बदलावी या मताला बराच आधार मिळाला आहे. कोणतीही रीत पाळली तरी रोज चिकटपट्टीखाली पाहणे चुकत नाही.

रंगांविषयी थोडक्यात. नारिंगी १४, करडा १६, हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४, जांभळा २६. हे आकडे गेजचे, म्हणजे जाडीच्या मापाचे आहेत आणि तार ओढण्याच्या जुन्या धंद्यातून आलेले असल्याने आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. सुईलाही हेच आकडे लागू असल्याने आकड्यांत सुई आणि नळी असा फरक नाही. नातेवाईक "बारीकच लावा हो" असे विनवतात आणि साध्या औषधांसाठी ते रास्तही आहे. पण अपघातात रक्त वाहत असताना ही विनवणी ऐकू नये. नळीतून वाहणारे पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणून बाहेरून जेमतेम दिसणारा फरक प्रवाहात दुपटी-तिपटीचा होतो: निळीतून मिनिटाला साधारण ३५ मिलिलिटर, तर हिरवीतून ९० च्या आसपास.

कचऱ्याच्या डब्याशी हा भेद पुन्हा समोर येतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते आणि प्लॅस्टिकची नळी लाल पिशवीत. इंट्राकॅथची सुई लावण्याच्या क्षणी मोकळी होते, म्हणून ती त्याच क्षणी, रुग्णाच्या खाटेजवळच पांढऱ्या डब्यात पडली पाहिजे. ती गादीवर विसरली की पुढच्या माणसाच्या बोटात जाते. नळी बाहेर येते काही दिवसांनी, घरी जाण्याच्या दिवशी.

त्या दिवशी बहुतेक रुग्ण डोळे घट्ट मिटून घेतात, कारण आतून सुई ओढली जाणार अशी त्यांची खात्री असते. नळी काढल्यावर कापसाने शीर दाबून धरावी, नळीचे टोक अखंड आहे ना ते उजेडात पाहावे, तशी नोंद करावी आणि मग ती लाल पिशवीत टाकण्याआधी रुग्णाला दाखवावी. बोटाने दाबली तर वाकणारी ती नळी पाहून "एवढीच होती का?" असे बहुतेक जण विचारतात.